रोहितच्या फोटोतली रिकामी जागा

नोव्हेंबर उलटला की ठाणे खाडीत रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उतरू लागतात. मग ऐरोलीच्या बोटीत आणि नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर कॅमेरेवाल्यांची गर्दी. पुढचे काही महिने मोबाईलवर एकाच ठेवणीचे फोटो येत राहतात: खालच्या कोपऱ्यात दोन-चार गुलाबी पक्षी, बाकी सगळं धुरकट पांढरं. पलीकडचे टॉवर धुक्यात (की धुरात?) पुसलेले. काढणारा याला 'मिनिमल' म्हणतो. ही ठेवण कॅमेऱ्याहून कितीतरी जुनी आहे.

चिनी शाईचित्रात कागदाचा काही भाग कोराच सोडतात. तेच धुकं, तेच पाणी. जपानी चित्रकारांनीही ते आपलंसं केलं; 16व्या शतकातल्या हासेगावा तोहाकूच्या पाइनवृक्षांच्या पडद्यांवर झाडांपेक्षा मोकळा कागदच जास्त आहे. चिनी छायाचित्रकार लांग चिंगशान यांनी 1930च्या दशकात हे डार्करूममध्ये आणलं. एका निगेटिव्हमधला डोंगर, दुसरीतलं झाड, मधे धुकं, असा कुठेच नसलेला देखावा ते छापत. आज कुणी त्याला फोटोशॉप म्हणेल. त्यांच्या लेखी ते चित्रकलेचे जुने नियम पाळणं होतं. जपानी छायाचित्रकार हिरोशी सुगिमोतो 1980पासून समुद्र टिपत आले आहेत: वर आकाश, खाली पाणी, बस्स. 2001 मध्ये त्यांनी तोहाकूच्या पडद्यांवरून पाइनवृक्षांचे फोटोही केले.

आपल्या लघुचित्रांना मात्र रिकामपण फारसं मानवत नाही. एकाच चौकटीत महाल, बाग, हत्ती, खिडकीतून डोकावणारी दासी, आणि प्रत्येकाचं स्वतंत्र काही चाललेलं. मुंबईत 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली. पुढे दरबाराचा आश्रय आटलेले चित्रकार देशभरच्या स्टुडिओंत फोटोंवरच ब्रश चालवू लागले. सावल्या गेल्या, पागोट्याला जर चढली. नाथद्वाऱ्याला तर भाविकाचा फोटोतला चेहरा कापून चिकटवत; श्रीनाथजी आणि बाकी सगळं हाताने रंगवलेलं.

हा धागा पुढे नेला तो जयपूरचे छायाचित्रकार रघुबीर सिंग यांनी (1942-1999). कृष्णधवल फोटोलाच कला मानण्याच्या काळात ते रंगाला चिकटून राहिले, आणि त्यांची चौकट लघुचित्रासारखी काठोकाठ भरलेली. मला विचाराल तर आपल्या शहराला हीच नजर जास्त शोभते. संध्याकाळी सातला ठाणे स्टेशनच्या पुलावर रिकामी जागा शोधणारा रिकाम्या हातानेच घरी जाईल.

चीनमधले छायाचित्रकार याओ लू यांनी आणखी एक वाट काढली. त्यांचे फोटो लांबून जुनी शाईची डोंगरचित्रं वाटतात; जवळ गेल्यावर कळतं की डोंगर म्हणजे हिरव्या जाळीखाली झाकलेले राडारोड्याचे ढीग. घोडबंदर रोडला ती हिरवी जाळी हवी तेवढी आहे. पारसिकच्या डोंगरावर खाणींनी तासलेले कडे आहेत, आणि पावसाळ्यात त्यांच्यावर ढगही उतरतात.