दुसऱ्या जगांचा प्रश्न आणि चर्च : जरा मागचं सगळं

आपल्या इंदुरात मराठी घरांमध्ये विज्ञानकथा म्हटलं की नारळीकर आठवतात आणि चर्च म्हटलं की गॅलिलिओचा खटला, त्यामुळे ख्रिस्ती धर्माचा आणि सायन्स फिक्शनचा काही संबंध असेल असं कुणाला वाटतच नाही. असं बोलणाऱ्यांमधले कितीतरी जण क्रिश्चियन कॉलेजात शिकलेले, म्हणजे कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने 1887 मध्ये सुरू केलेल्या कॉलेजात, पण तिथेही हा विषय कधी निघाला नाही. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय, कारण माझं ठाम मत आहे की या साहित्याची मुळं बऱ्याच अंशी धर्मशास्त्रातल्या एका प्रश्नात आहेत. देवाने आपल्यासारखी आणखी जगं केली असतील तर तिथल्या जिवांचं काय, त्यांनीही पाप केलं का, त्यांचं तारण कोण करणार?

हा प्रश्न खूप जुना आहे बरं का. 1277 मध्ये पॅरिसचे बिशप एतियेन तांपिए यांनी 219 विधानांवर बंदी घातली. तिथल्या विद्यापीठात तेव्हा ॲरिस्टॉटलचा फार जोर होता आणि ॲरिस्टॉटल म्हणायचा की जग एकच असू शकतं. बिशपचं म्हणणं एवढंच की देवाला अनेक जगं करता येणार नाहीत असं तुम्ही शिकवायचं नाही, देवाच्या शक्तीला हद्द घालणारे तुम्ही कोण. हेतू प्राध्यापकांना आवरण्याचा होता, पण झालं असं की पुढची दोनशे वर्षं धर्मपंडित मोकळेपणाने दुसऱ्या जगांबद्दल बोलायला लागले. 1440 मध्ये निकोलस ऑफ क्यूसाने सूर्यावर-चंद्रावर रहिवासी असू शकतील असं लिहिलं, आणि त्यानंतर काही वर्षांनी तो चक्क कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचा धर्माधिकारी झाला! त्याच शतकातल्या विल्यम व्होरिलाँग नावाच्या फ्रान्सिस्कन साधुसंघातल्या पंडिताने तर सरळ विचार मांडला की दुसऱ्या जगातली माणसं बायबलमधल्या पहिल्या माणसाच्या, आदमच्या वंशातली नाहीत, म्हणजे आदमचं पाप त्यांना लागत नाही, आणि ख्रिस्त इथे मेला तेवढं त्यांच्यासाठीही पुरेसं आहे, प्रत्येक जगात जाऊन पुन्हा पुन्हा मरायची गरज नाही. हे वाचलं तेव्हा मी थक्क झालो, कारण विसाव्या शतकातल्या निम्म्या कादंबऱ्यांचं कथानक याच वाक्यात आहे.

अर्थात दुसरी बाजूही सांगायलाच हवी. 1600 मध्ये रोममध्ये जिओर्दानो ब्रूनोला जिवंत जाळलं, त्याच्यावरच्या आरोपांमध्ये इतरही बरंच होतं पण अगणित जगांची कल्पनाही होती. तेव्हा चर्चने सगळं हसतखेळत स्वीकारलं असं कुणी समजू नये.

आता केप्लर. याच्यावर मी जरा थांबणार आहे कारण ही गोष्ट फार जीवघेणी आहे. खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लर जर्मनीत ट्युबिंगेनला शिकला तो पाद्री व्हायचं म्हणून, लुथरन म्हणजे प्रोटेस्टंट घरचा, पण 1594 मध्ये त्याला ग्राझला गणिताचा मास्तर म्हणून पाठवलं आणि आयुष्यच बदललं. त्याने 'सोम्नियम' म्हणजे स्वप्न नावाची चंद्रप्रवासाची गोष्ट लिहिली, तिच्यात चंद्रावरून पृथ्वी कशी दिसेल, तिथे दिवस किती मोठा, थंडी-ऊन किती, सगळं खगोलशास्त्राच्या हिशोबाने मांडलंय. पण गोष्टीतल्या नायकाची आई जडीबुटीवाली, ती एका अशरीरी जिवाला बोलावते आणि तोच चंद्राची माहिती देतो. हस्तलिखित हातोहात फिरलं, आणि 1615 पासून केप्लरच्या स्वतःच्या आईवर, कॅथरिनावर, चेटकीण असल्याचे आरोप सुरू झाले. केप्लरला कायम वाटत राहिलं की आपल्या गोष्टीमुळे या आगीत तेल पडलं. म्हातारीला पकडून चौदा महिने कोठडीत ठेवलं, छळाची हत्यारं दाखवून घाबरवलं, तिने शेवटपर्यंत काही कबूल केलं नाही, 1621 मध्ये सुटली आणि पुढच्याच वर्षी गेली. तिचा बचाव केप्लरने स्वतः उभा केला होता. नंतर त्याने त्या छोट्या गोष्टीला 223 टिपा जोडल्या, का काय लिहिलं याचा खुलासा करत. पुस्तक छापून आलं 1634 मध्ये, तो वारल्यानंतर चार वर्षांनी.

लगेच 1638 मध्ये इंग्लंडमधून फ्रान्सिस गॉडविनची चंद्राची गोष्ट आली, तीही लेखक वारल्यावर. तिचा नायक हंसांसारख्या पक्ष्यांना गाडा जोडून चंद्रावर जातो. आणि हा गॉडविन कोण, तर हेरफर्डचा बिशप.

तिकडे केप्लरच्या आईचं प्रकरण चालू होतं त्याच सुमाराला इकडे गोव्यात 1616 मध्ये फादर थॉमस स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं, ओव्यांमध्ये, मराठीत. म्हणजे ख्रिस्ती श्रद्धा आणि कल्पनाशक्ती यांची गाठ आपल्या भाषेतही तेव्हापासूनची आहे. नंतर 1841 मध्ये हरि केशवजींनी जॉन बन्यनच्या 'पिलग्रिम्स प्रोग्रेस' या इंग्रजी रूपककथेचं मराठीत 'यात्रिक क्रमण' केलं, त्यात अख्खा प्रवासच काल्पनिक मुलुखातला, निराशेची दलदल, राक्षसाचा किल्ला वगैरे. मला नेहमी वाटतं की मराठी फँटसीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी हे पुस्तक धर्मप्रचाराच्या कप्प्यात टाकून सोडून दिलं हे बरं झालं नाही.

मग एकोणिसावं शतक. स्कॉटलंडचा जॉर्ज मॅकडोनाल्ड आधी पाद्री होता, मंडळीशी पटलं नाही म्हणून 1853 मध्ये नोकरी सोडली आणि 1858 मध्ये 'फँटास्टीस' लिहिलं, मोठ्यांसाठीची परीकथा. 1916 मध्ये हेच पुस्तक सतरा-अठरा वर्षांच्या, देव न मानणाऱ्या, पुढे लेखक झालेल्या सी. एस. लुईसच्या हातात पडलं आणि त्याच्या कल्पनेला वेगळंच वळण लागलं. तो ख्रिस्ती झाला 1931 मध्ये, ऑक्सफर्डला टॉल्किन आणि ह्यूगो डायसन यांच्याशी रात्री उशिरापर्यंत झालेल्या बोलण्यानंतर, आणि त्या बोलण्याचा विषयच मुळी मिथककथा खऱ्या असू शकतात का हा होता. पुढे लुईस आणि टॉल्किन यांचं ठरलं की एकाने अवकाशप्रवासावर लिहायचं, एकाने काळप्रवासावर. टॉल्किनची काळाची कादंबरी अर्धवट राहिली, लुईसने मात्र 1938 मध्ये मंगळावरची कादंबरी काढली, तिथले जीव पापात पडलेलेच नाहीत, बिघडलेली आहे ती आपली पृथ्वी. दुसरी 1943 ची, शुक्रावर, तिथे नवी हव्वा मोहात पडते की नाही एवढ्यावर सगळं पुस्तक उभं आहे. बघा, परत व्होरिलाँगचाच प्रश्न, फक्त आता नॉव्हेलमध्ये. नार्निया या मुलांच्या कथामालेमुळे लुईस घरोघरी पोचला खरा, पण माझ्या मते त्याचं खरं काम या ग्रहांच्या पुस्तकांत आहे.

टॉल्किनचा रस्ता वेगळा. त्याच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये चर्च नाही की प्रार्थनासभा नाही, पण 1953 मध्ये एका जेसुइट, म्हणजे कॅथलिक चर्चच्या एका संघातल्या पाद्री मित्राला त्याने पत्रात कळवलं होतं की हे काम मुळात कॅथलिकच आहे आणि म्हणूनच त्यातून धर्माच्या उघड खुणा काढून टाकल्या. गोष्टीतली ती दुष्ट अंगठी नष्ट होते ती तारीख 25 मार्च, देवदूताने येशूच्या आईला, मारियेला, निरोप दिला त्या सणाची.

युद्धानंतर सूर एकदम गंभीर झाला. वॉल्टर मिलर हा अमेरिकन विमानदलातला रेडिओवाला आणि तोपची, 15 फेब्रुवारी 1944 ला इटलीतला मोंते कासिनोचा मठ बाँबने उडवला त्या मोहिमेत होता, सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने स्थापलेला मठ. 1947 मध्ये तो कॅथलिक झाला आणि पुढे त्याने 'अ कँटिकल फॉर लेईबोविट्झ' लिहिलं, अणुयुद्धात सगळं संपल्यावर वाळवंटातल्या एका मठातले साधू विज्ञानाच्या उरल्यासुरल्या कागदांच्या नकला करत बसलेत, अर्थ कळत नाही तरी शतकानुशतकं जपतात. 1961 चं ह्यूगो, म्हणजे विज्ञानकथांचं मोठं पारितोषिक, त्याला मिळालं. त्याआधी 1959 चं ह्यूगो जेम्स ब्लिशच्या कादंबरीला होतं, तिच्यात जेसुइट जीवशास्त्रज्ञाला एक असा ग्रह सापडतो जिथे देव कुणाला माहीत नाही आणि तरी कुणी वाईट वागत नाही, आणि त्यालाच त्याची भीती वाटते. ब्लिश स्वतः श्रद्धाळू नव्हता, पण प्रश्न त्याने पूर्ण गंभीरपणे घेतला, हे मला फार आवडतं.

चर्चमधल्या वाचकांनाही हे सगळं पचलं असं नाही. मॅडलिन लेंगलच्या 1962 च्या मुलांच्या कादंबरीवर अमेरिकेतल्या काही ख्रिस्ती गटांनीच आक्षेप घेतले, ती स्वतः चर्चला जाणारी असून. त्यानंतर जगाच्या अंतावरच्या थरारकादंबऱ्यांची लाट आली, प्रचंड खपल्या, पण त्यात उत्तर आधीच ठरलेलं असतं त्यामुळे मला त्यात रस नाही. त्यापेक्षा मेरी डोरिया रसेलची 1996 ची 'द स्पॅरो' कितीतरी पुढची, जेसुइट पथक दुसऱ्या ग्रहावर जातं, चांगल्या हेतूने, आणि सगळं उद्ध्वस्त होतं.

मराठीत हे दोन प्रवाह अजून भेटले नाहीत असं माझं वाचन सांगतं. रेव्हरंड टिळकांसारख्यांनी श्रद्धा अभंगात आणि काव्यात आणली, विज्ञानकथा आपल्याकडे वेगळ्याच वाटेने आली. कुणाला सुरुवात करायची असेल तर आधी मिलर वाचा, मग लुईसची शुक्रावरची, आणि 'क्रिस्तपुराण' एखाद्या जुन्या लायब्ररीत मिळालं तर सुरुवातीची सृष्टीच्या उत्पत्तीची प्रकरणं त्याच्या शेजारी ठेवून वाचा.