टेराहर्ट्झ जाडीमापन: वेळ मोजणारं यंत्र आणि ताकद मोजणारं ग्राफीन

पीथमपूरला गाड्यांच्या रंगकामावर असलेला माझा पुतण्या रविवारी इंदूरला आला, तो खिशात जाडीचं गेज घेऊनच. अंगणातल्या स्कूटरच्या पत्र्यावर टेकवलं तर 104 मायक्रॉन. शेजारच्या कारच्या प्लास्टिक बंपरवर टेकवलं तर आकडाच नाही, कारण त्या गेजला रंगाखाली धातू लागतो. "काका, बंपरसाठी टेराहर्ट्झ वापरतात ना? ते ग्राफीनवालं?"

टेराहर्ट्झ म्हटलं की ग्राफीन असणारच, ही गल्लत बऱ्याच जणांची होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

टेराहर्ट्झ म्हणजे मायक्रोवेव्ह आणि अवरक्त यांच्या मधला पट्टा. 1 टेराहर्ट्झची तरंगलांबी 0.3 मिलिमीटर. रंग, प्लास्टिक, कागद यांतून हे तरंग पार जातात, धातूवरून परततात आणि पाण्यात मुरतात.

बंपरसाठीचं यंत्र वेळ मोजतं. अगदी छोटा स्पंद सोडायचा आणि थराच्या वरच्या व खालच्या पृष्ठावरून आलेले प्रतिध्वनी किती अंतराने पोचले ते पाहायचं. अपवर्तनांक (थरात तरंग किती पट हळू चालतो तो आकडा) 1.5 आणि जाडी 100 मायक्रॉन असेल, तर हे अंतर येतं 1 पिकोसेकंद, म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. प्रायमर, रंग, क्लिअर कोट, प्रत्येक सीमेचा प्रतिध्वनी वेगळा, म्हणून एकूण जाडीबरोबर थरही सुटे कळतात. मला या पद्धतीचं सगळ्यात मोठं मोल इथेच वाटतं. यात ग्राफीन असायलाच हवं असं काही नाही. सहसा लेसरच्या झटक्याने जागा होणारा अर्धवाहकाचा अँटेना असतो.

ग्राफीन डिटेक्टर ताकद मोजतो. 2004 मध्ये मँचेस्टरला गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी चिकटपट्टीने ग्रॅफाइट सोलून जे वेगळं काढलं, तेच हे एका अणूच्या जाडीचं कार्बन. त्यातल्या इलेक्ट्रॉनांना तापायला फार थोडी ऊर्जा पुरते. तरंग पडला की ते तापतात, काही पिकोसेकंदांत निवतात आणि तेवढ्यात व्होल्टेज देऊन जातात. तेही साध्या खोलीच्या तापमानाला. जुन्या अतिसंवेदनशील बोलोमीटरना, म्हणजे पडलेल्या तरंगाची ऊब मोजणाऱ्या डिटेक्टरना, थंड ठेवायला द्रव हेलियम लागायचा.

पण व्होल्टेज सांगतं ते फक्त किती ताकद आली. जाडी आपणच काढायची: फ्रिक्वेन्सी बदलत नेली की पार जाणारी ताकद वरखाली होते, आणि त्याच 100 मायक्रॉनच्या थरात दोन शिखरांमधलं अंतर 1 टेराहर्ट्झ भरतं.

थर 10 मायक्रॉनचा झाला की दोघंही अडतात. प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात, गणिताने सोडवावे लागतात. शिखरांमधलं अंतरही 10 टेराहर्ट्झवर जातं. 1 टेराहर्ट्झच्या तरंगाची फेज, म्हणजे लाट आपल्या चढउतारात कुठे आहे ते, अशा थरामुळे जेमतेम 6 अंशांनी सरकते. ग्राफीनला हे दिसावं तर शेजारून दुसरा किरण आणून दोन्ही मिसळायचे, म्हणजे फेजचा फरक ताकदीत उतरतो.

बंपरसाठी मी त्याला स्पंदवालं यंत्रच सांगितलं. कागदाच्या किंवा फिल्मच्या पळत्या पट्ट्यात ओल कुठे राहिली ते धरायचं असेल, तर मात्र मी ग्राफीनकडे वळेन. तिथे पाण्याने किती ताकद खाल्ली एवढंच कळायला हवं.