साथरोगांची गणिती प्रतिमाने आणि मराठवाडा

साथ किती वेगाने पसरेल, एकाच वेळी किती जण आजारी असतील आणि कोणत्या उपायाने किती फरक पडेल, याचा समीकरणांनी काढलेला अंदाज म्हणजे साथरोगाचे गणिती प्रतिमान. रोजच्या बोलण्यात ‘मॉडेल’. त्याचे उत्तर नेहमी ‘अमुक गृहीत धरले तर’ असे असते. लोकांपर्यंत आकडा पोहोचतो आणि अट वाटेतच गळते. बहुतेक वाद तिथूनच सुरू होतात.

प्रचलित रचना केरमॅक व मॅकेंड्रिक या संशोधकांनी १९२७ मध्ये मांडली आणि मुंबईच्या १९०५-०६ मधील प्लेगमृत्यूंच्या आकड्यांशी ताडून पाहिली. तीत लोकांचे तीन गट असतात: लागण होऊ शकणारे, बाधित, आणि बरे झालेले किंवा दगावलेले.

एक लाख वस्तीचे तालुक्याचे गाव घ्या. बाधित माणूस १० दिवस रोग पसरवतो आणि सुरुवातीला एकाकडून सरासरी तिघांना लागण होते. मग बाधितांची संख्या साधारण साडेतीन दिवसांत दुप्पट होते आणि साथ शिखरावर असताना सुमारे ३०,००० जण एकदम बाधित असतात. त्यांतल्या ५ टक्क्यांना खाट लागली तर १,५०० खाटा हव्यात. संपर्क निम्म्यावर आणले तर शिखर सुमारे ६,३०० पर्यंतच जाते आणि ३१५ खाटा पुरतात. संचारबंदी लावायची की नाही, मंगल कार्यालये ताब्यात घ्यायची की नाही, हे या फरकावर ठरते. मात्र तपासणीचे अहवाल सात दिवस उशिरा आले, तर हाती असलेला आकडा खऱ्याच्या चौथाईच असतो.

अहवाल वेळेवर आले तरी न तपासलेले उरतातच. कोरोनाच्या साथीत आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) मे-जून २०२० मध्ये देशातील ७० जिल्ह्यांत प्रौढांच्या रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे लागण होऊन गेल्याची खूण, तपासली. त्यांत बीड, परभणी आणि नांदेड होते. देशपातळीवर प्रमाण ०.७३ टक्के निघाले, पण नोंदलेल्या एका रुग्णामागे ८२ ते १३० जणांना लागण होऊन गेल्याचा अंदाज आला. नुसत्या नोंदींवर आखलेला आलेख इतका खुजा असतो.

मराठवाड्यात आणखी एक गृहीतक कोसळते: वस्ती स्थिर असते आणि सगळे सारखेच मिसळतात. बीडच्या ऊसतोड टोळ्या दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकात जातात, कोप्यांमध्ये (तात्पुरत्या झोपड्यांत) दाटीने राहतात आणि गाळप संपले की परततात. २०२० मध्ये परतीची वेळ नेमकी टाळेबंदीत आली आणि त्यांना गावी येण्यासाठी सरकारला एप्रिलमध्ये वेगळी परवानगी द्यावी लागली. जिल्ह्याची जनगणनेतली लोकसंख्या घालून केलेले गणित अशा वेळी फसते.

साधे प्रतिमान रुग्ण मोजते, बुडालेली मजुरी मोजत नाही. जालन्याहून पायी निघालेले १६ मजूर ८ मे २०२० रोजी औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यातील करमाडजवळ रुळांवर झोपले असताना मालगाडीखाली मरण पावले. टाळेबंदीची ही किंमत कोणत्याही संसर्गआलेखात दिसत नाही.

भाकीत चुकण्याचे ठळक उदाहरण ऑक्टोबर २०२० चे आहे. केंद्राने नेमलेल्या समितीने शिखर ओलांडल्याचे आणि काळजी घेतल्यास फेब्रुवारी २०२१ पर्यंत साथ आटोक्यात येण्याचे सांगितले होते. मे २०२१ मध्ये देशात दिवसाला चार लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. जुन्या आकड्यांवर बसवलेल्या स्थिरांकांत डेल्टासारखा विषाणूचा वेगाने पसरणारा नवा प्रकार येणे शक्यच नव्हते. उलटा प्रकारही घडतो: भयंकर आकडा ऐकून लोक घरी थांबतात, साथ मंदावते आणि मग ‘मॉडेल खोटे होते’ अशी ओरड होते. हा आरोप अन्यायाचा आहे.

डासांच्या रोगांत गणिताचा उपयोग जास्त रोखठोक आहे. निजामाच्या राज्यात, सिकंदराबादेत, १८९७ मध्ये ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना डासात हिवतापाचे परजीवी सापडले. डास एका मर्यादेखाली आणले तर सगळे न मारताही हिवताप संपतो, हे त्यांनी पुढे गणिताने दाखवले. डेंग्यूसाठी आरोग्यसेवक १०० घरांमागे अळी सापडलेली भांडी मोजतात. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या गावात रांजण, बॅरल, हौद भरून ठेवावेच लागतात, त्यामुळे हा आकडा पावसाळ्याबाहेरही चढा राहू शकतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून कोरडा दिवस, म्हणजे पाण्याची सगळी भांडी रिकामी करून कोरडी करण्याचा दिवस, दर आठवड्याला पाळायचा असतो. भांडे नुसते पालथे करून भागत नाही. अंडी काठाला चिकटून महिनोन्‌महिने टिकतात, तेव्हा आतून घासावे लागते.