इंटरपोलचे पोलीस कुणाला शोधायला जात नाहीत
परदेशात माणूस बेपत्ता झाला की कुणीतरी हमखास म्हणतं, 'इंटरपोलला कळवा, ते शोधून काढतील.' सिनेमांची कृपा! इंटरपोलकडे गल्लोगल्ली फिरणारे पोलीस नाहीतच. फ्रान्समधल्या ल्यों शहरातून ही संस्था १९६ देशांच्या पोलिसांना एकमेकांशी जोडते. बेपत्ता माणसासाठी 'यलो नोटीस', म्हणजे देशोदेशीच्या पोलिसांना सूचना, निघते, पण ती त्या-त्या देशाच्या यंत्रणेनं मागावी लागते. भारतात ते काम सीबीआयकडे आहे. प्रत्यक्ष शोध घेतात तिथले स्थानिक पोलीसच. म्हणून इथल्या ठाण्यात तक्रार द्या, आणि त्याच दिवशी तिथल्या भारतीय दूतावासाला फोन करा, परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवरही नोंद करा. पासपोर्टच्या फोटोवाल्या पानाची झेरॉक्स घरात असली तर बरीच धावपळ वाचते. आणि हो, तक्रारीसाठी २४ तास थांबायचा नियम आपल्याकडे नाही.