सीएसएस पोझिशनिंग

वेबपानावरचा एखादा घटक नेमका कुठे बसावा, हे स्टाइलशीटमधून, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेतल्या नियमांतून, सांगण्याची पद्धत. ब्राउझर एचटीएमएलमधले (पानाचा मजकूर आणि रचना लिहिण्याची भाषा) घटक मुळात क्रमाने मांडत जातो: परिच्छेद एकाखाली एक, शब्द एकापुढे एक. घटक या ओघातून हलवायचा तर त्याचा ‘पोझिशन’ हा गुणधर्म बदलावा लागतो. होकन विउम ली यांनी १९९४ मध्ये सीएसएसची कल्पना मांडली. पहिली आवृत्ती १९९६ मध्ये आली, आणि पोझिशनिंगला मे १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत जागा मिळाली.

शिकणारे बहुतेकदा स्टॅटिक (मुळातली, ओघातली स्थिती), रिलेटिव्ह, अ‍ॅब्सोल्यूट, फिक्स्ड, स्टिकी ही ‘पोझिशन’च्या किमतींची नावे पाठ करतात आणि तिथेच अडतात. खरा प्रश्न एकच: अंतर मोजायचे कुठून?

कोकणात घरच्या होमस्टेसाठी किंवा आंबाविक्रीसाठी पान बनवणाऱ्याला किनाऱ्याचा नकाशा हा उत्तम सराव आहे. नकाशाचे चित्र एका चौकटीत ठेवायचे आणि हर्णै, जयगड, विजयदुर्ग, मालवण यांचे ठिपके अ‍ॅब्सोल्यूट करून त्यावर बसवायचे. चौकटीला रिलेटिव्ह द्यायचे राहिले, की सगळे ठिपके नकाशा सोडून पानाच्या माथ्याकडे पळतात. कारण अ‍ॅब्सोल्यूट घटक आपल्याभोवतीचा सर्वांत जवळचा गडगा, म्हणजे कुंपण, शोधतो आणि तिथून मोजतो. स्टॅटिक नसलेला पूर्वज घटक, म्हणजे त्याला पोटात घेणारा बाहेरचा घटक, हाच हा गडगा. तो सापडला नाही, तर मोजमाप थेट पानाच्या सुरुवातीपासून होते.

दुसरी चूक पिक्सेलची. ८०० पिक्सेल रुंद नकाशावर विजयदुर्गाला डावीकडून ३०० पिक्सेल दिले आणि मोबाइलवर नकाशा ४०० पिक्सेलचा झाला, की ठिपका तीन-चतुर्थांश रुंदीवर, म्हणजे किनारा सोडून घाटाकडे जातो. ३७.५ टक्के लिहिले तर तो जागचा हलत नाही. त्यातही मोजमाप ठिपक्याच्या डाव्या-वरच्या कोपऱ्याचे असते, त्यामुळे ‘ट्रान्सफॉर्म’ या घटक सरकवणाऱ्या गुणधर्माने त्याला स्वतःच्या निम्म्या आकाराइतके डावीकडे आणि वर ओढावे लागते. हे नजरेने पाहिले की सगळा विषय उलगडतो. म्हणून व्याख्यांआधी नकाशाच करून पाहावा.

रिलेटिव्ह घटक सरकला तरी त्याची मूळ जागा रिकामीच राहते. फिक्स्ड सहसा पडद्याला चिकटतो; ‘फोन करा’ बटणाला तो सोयीचा, पण पानाच्या शेवटी पुरेशी मोकळी जागा सोडली नाही तर शेवटची ओळ त्याखाली झाकली जाते. कोण कोणाच्या वर, हे झेड-इंडेक्स हा गुणधर्म ठरवतो. पानाची एकूण मांडणी करायला मात्र पोझिशनिंग वापरू नये. ते काम फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड या सीएसएसच्या मांडणी-पद्धतींचे.

स्टिकी घटक पान सरकवताना ठरावीक जागी पोचला की थांबतो. पेट्यांच्या दरांचा लांब तक्ता वाचताना ‘डझन’ आणि ‘दर’ ही शीर्षके वर टिकवायला तो वापरतात. ‘टॉप’ची, म्हणजे वरून किती अंतरावर थांबायचे याची, किंमत दिली नाही, किंवा बाहेरच्या एखाद्या चौकटीला ‘ओव्हरफ्लो: हिडन’ (चौकटीबाहेर जाणारा भाग लपवणे) दिलेले असले, तर शीर्षके पानाबरोबर वर निघून जातात आणि कुठेही चूक दाखवली जात नाही.