एपिस्कोपल चर्चमधला सहभाग: आधी कारभारात, मग उपासनेत

अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चच्या तिथल्या शाखेत, आज रविवारी शास्त्रपाठ वाचायला कुणी शिक्षिका उठते, मध्यस्थीच्या प्रार्थना कुणी निवृत्त कारकून म्हणतो, द्राक्षारसाचा प्याला घेऊन तिसरंच कुणी उभं असतं. पाळकसाहेब बराच वेळ नुसते बसलेले. ही पद्धत जुनी वाटते, पण सर्रास रुळली ती गेल्या पन्नास-साठ वर्षांत.

गंमत म्हणजे कारभारात सामान्य सभासदांचा हात पहिल्यापासून होता. १७८९ मध्ये फिलाडेल्फियात चर्चची घटना ठरली आणि महासभेत, म्हणजे चर्चच्या सर्वोच्च सभेत, पाळकांच्या जोडीनं सभासदांचे प्रतिनिधीही मत देऊ लागले. गावोगावी पैसा, इमारत आणि पाळकाची निवड 'व्हेस्ट्री' नावाच्या पंचमंडळाकडे. बाकं भाड्यानं जात. पैसेवाले पुढे, गरीब मागे किंवा गॅलरीत. फिलाडेल्फियातल्या कृष्णवर्णीयांच्या मंडळीला १७९४ मध्ये सामावून घेतलं, पण धर्मप्रांताच्या सभेत प्रतिनिधी पाठवायचे नाहीत या अटीवर. ती अट सुटायला १८६० चं दशक उजाडलं.

उपासनेत मात्र हेच कारभारी ठरलेली उत्तरं म्हणत, गात आणि ऐकत. पुष्कळ ठिकाणी रविवारी सकाळची प्रार्थना हीच मुख्य उपासना होती. प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, महिन्यातून एकदा.

खरा घोळ एका शब्दानं घातला. नियमांत प्रतिनिधी 'लेमन' (layman) असावेत, म्हणजे दीक्षा न घेतलेले सामान्य सभासद, असं लिहिलेलं होतं; शब्दात 'मॅन' म्हणजे पुरुष. वसईकडचे कॅथलिक ज्यांना 'प्रापंचिक' म्हणतात तेच हे, पण प्रापंचिकात बाई आपोआप येते. 'लेमन'मध्ये येते का, यावर वर्षानुवर्षं खल चालला. १९४६ मध्ये निवडून आलेल्या एका बाईंना महासभेत बसू दिलं. १९४९ मध्ये चौघी निवडून आल्या, तेव्हा तोच शब्द दाखवून त्यांना प्रतिनिधीचा हक्क नाकारला. शब्द तोच, वाचणारे वेगळे. अखेर १९६७ मध्ये घटनादुरुस्तीला पहिली मंजुरी मिळाली आणि १९७० मध्ये बायका रीतसर प्रतिनिधी म्हणून बसल्या. त्यांच्या याजकपदाचा वाद जगभर गाजला; १९७४ मध्ये अकरा जणींनी परवानगीविना दीक्षा घेतली, १९७६ मध्ये महासभेनं मान्यता दिली. पण माझ्या मते मुळातलं दार १९७० चं.

कारण तोवर वेदीची सगळी उस्तवार बायकाच करत होत्या. प्याला पुसायच्या तागाच्या रुमालांवर द्राक्षारसाचे आणि ओठांच्या लालीचे डाग पडतात. पहिल्या धुण्याचं पाणी मोरीत ओतायचं नाही. त्यासाठी वेगळं कुंड असतं, त्याची नळी थेट मातीत जाते. मग इस्त्री. हे काम करणाऱ्यांना सभेत मात्र मत नव्हतं.

१९७९ च्या प्रार्थनापुस्तकानं उपासनेची मांडणीच बदलली. प्रभुभोजन ही रविवारची मुख्य उपासना ठरली. त्यातल्या प्रश्नोत्तरांत चर्चचे सेवक कोण, या प्रश्नाच्या उत्तरात प्रापंचिकांचं नाव बिशपांच्या आधी आलं. बाप्तिस्म्याच्या वेळी आता अख्ख्या मंडळीला विचारतात, यांना आधार द्याल का? सगळे म्हणतात, देऊ. लोकांना झोंबला तो भाषेतला बदल: देवाला जुन्या इंग्रजीतलं खास संबोधन 'दाउ' (thou) जाऊन रोजचं 'यू' (you) आलं. विठोबाला काय किंवा येशूला काय, आपण 'तू'च म्हणतो, त्यामुळे त्या रागाचा अंदाज आपल्याला सहसा येत नाही. पुस्तकात शेवटी दोन्ही भाषांतले विधी ठेवून तोड काढली.

शेजाऱ्याचा हात हातात घेऊन 'शांती' म्हणण्याची रीत याच काळात रुळली. तिच्यामागे एक धागा भारतातला आहे: दक्षिण भारतातल्या संयुक्त चर्चनं १९५० च्या उपासनाविधीत ती केरळच्या सुरियानी परंपरेतून घेतली होती आणि तो विधी पश्चिमेत आवडीनं अभ्यासला गेला. जुन्या सभासदांना मात्र प्रार्थनेच्या मध्येच हा हस्तांदोलनाचा गलका नको असे.

दृढीकरणाआधी, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करायच्या विधीआधी, मुलांना प्रभुभोजन द्यायला १९७० मध्ये वाट मोकळी झाली. बाप्तिस्मा न झालेल्यांना द्यावं का, हा वाद अजून धुमसतो. काही मंडळ्या सर्रास देतात. नियमात 'नाही' असंच लिहिलेलं आहे. २०२० च्या साथीत सामायिक प्यालाच बंद झाला आणि कित्येक ठिकाणी नुसत्या भाकरीवर भागवावं लागलं. प्याला परत आला, तरी काही जण अजून हात आखडता घेतात, आणि रुमालांवर डाग कमी पडतात.