फायर कंपनी आणि आगीचा विमा : घोळ एका पाटीचा

घरावर विमा कंपनीची पाटी नसली की बंबवाले हात बांधून उभे राहायचे आणि घर जळू द्यायचे. अमेरिकन शास्त्रज्ञ आणि मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिनच्या, अठराव्या शतकातल्या फिलाडेल्फियाबद्दलची ही गोष्ट इतक्यांदा वाचली आहे की आता राहवत नाही. आगीचा विमा उतरवणारी कंपनी आणि आग विझवणारी फायर कंपनी, या दोन वेगळ्या संस्था एकीत कोंबल्या की असं होतं. शहर एकच, दोन्हींत फ्रँकलिन, त्यात 'कंपनी' हा शब्द.

विमा कंपनी म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. १७५२ साली निघालेली फिलाडेल्फिया कॉन्ट्रिब्युशनशिप ही तशी संस्था. विमा उतरवलेल्या घराच्या दर्शनी भिंतीवर तिची पाटी लागायची : लाकडी फळीवर शिशाचे चार हात, प्रत्येकाने दुसऱ्याचं मनगट धरलेलं.

युनियन फायर कंपनी मात्र १७३६ची. इथे 'कंपनी' म्हणजे धंदा नव्हे. मराठीत तिला सरळ मंडळ म्हणावं, असं माझं ठाम मत आहे. तीसेक सभासद, महिन्याला बैठक, गैरहजर राहिला की दंड. त्याच दंडातून पुढे बंब, शिड्या, आकडे (हूक) घेतले गेले. आणखी लोक यायला लागले, तेव्हा फ्रँकलिनच्या मंडळाने त्यांना आपापलं वेगळं मंडळ काढायला सांगितलं, आणि तशी एकामागून एक निघाली.

प्रत्येकाने कातड्याच्या बादल्या आणि जाड कापडाच्या पिशव्या स्वखर्चाने घरी तयार ठेवायच्या. बादल्या सगळ्यांच्या लक्षात राहतात, पिशव्यांचं नाव कुणी काढत नाही, आणि मला तर त्याच मोलाच्या वाटतात. पिशवीच्या तोंडाला नाडी असे. हातोहात बादल्या देऊन घर वाचेलच याचा भरवसा नव्हता. मग भांडीकुंडी, कपडेलत्ते पिशवीत भरायचे, नाडी ओढायची आणि रस्त्यावर आणून ठेवायचं. नुकसानभरपाई देणारं कुणी नव्हतं, तेव्हा सभासदाचा संसार असा वाचायचा.

आता सनावळी मांडा. कॉन्ट्रिब्युशनशिपची पाटी जन्माला येण्याआधी सोळा वर्षं हे मंडळ आगीवर धावून जात होतं. मग पाटी बघून पाणी मारायचं की नाही हे ठरवलं कसं असेल? पाटी ही विम्याची खूण होती, विमा कंपनीची जाहिरातही होती, पण विझवणाऱ्यांसाठी परवाना नव्हती. शिवाय घराला घर लागलेलं. बिनपाटीचं घर जळू दिलं तर शेजारचं पाटीवालं कसं वाचणार?

माझ्या मते ही गोष्ट लंडनहून उचललेली आहे. तिथे विमा कंपन्यांनी स्वतःचे बंबवाले खरोखरच पदरी ठेवले होते, आणि १८३३ मध्ये त्यांतल्या अनेकींनी ते एकत्र केले. फिलाडेल्फियात विम्याचा पैसा एकीकडे आणि बंब ओढणारे हात दुसरीकडे होते. १८७१ मध्ये शहराचं पगारी दल येईपर्यंत हे हात स्वयंसेवकांचेच होते.